दौंडच्या एका चित्रपटरसिकाच्या वह्या व ऐतिहासिक चित्रपटांचा विचार

प्रस्तुत लेखाचा विषय पाहून या त्रैमासिकाच्या कांहीं वाचकांच्या कपाळास आठी पडेल, हें आम्ही जाणून आहों. जेथें बखरी, शकावल्या, महजर व सनदा यांची छाननी व्हावयाची तेथें चित्रपटांसारख्या करमणुकीच्या विषयास जागा कशास, असें कोणीहि विचारील. आणि दोन वर्षांपूर्वीं आम्हीहि तेंच विचारलें असतें. परंतु गेल्या चातुर्मासांत आमच्या हातीं एक साधन आलें व त्यानें आमचें मत पुष्कळ अंशीं बदललें. तें साधन कोणतें, त्याची योग्यता किती, आणि त्यावरून आम्हां इतिहासाभ्यासकांच्या पदरीं कोणता दोष येतो, एवढें येथें सांगावयाचें आहे.

१

दौंड येथें राहणारे आमचे एक स्नेही रेल्वेंत गार्ड होते. आज त्यांचें वय बहात्तर वर्षांचें आहे. आपलें नांव छापलें जाऊं नये अशी त्यांची इच्छा असल्यामुळें त्यांस येथें आम्ही ‘वहीकार’ म्हणूं. वयाच्या चौदाव्या वर्षापासून पाहिलेल्या प्रत्येक चित्रपटाची नोंद त्यांनीं ठेविली असून अशा तीन जाड वह्या भरल्या आहेत. पहिली १९६७ सालीं सुरू होते. तिच्यांतील पुष्कळ नोंदी शिरूर तालुक्यांतील जत्रांच्या आहेत, कारण वहीकारांचें आजोळ तिकडचें. दुसरींतील नोंदी बहुतेक गार्डाच्या डब्यांत बसून लिहिलेल्या. गाडीच्या हिसक्यांनीं अक्षर वांकडें झालें आहे. तिसरी निवृत्तीनंतरची. प्रत्येक नोंदींत तारीख, ठिकाण, चित्रपटाचें नांव, तिकिटाचा दर, गर्दीचा अंदाज व शेवटीं एकदोन वाक्यांत मत, असा क्रम आहे. दिग्दर्शकाचें नांव पुष्कळदां नाहीं; तिकिटाचा दर मात्र कोठेंहि सुटलेला नाहीं. समकालीनता, प्रत्यक्ष पाहणें व लिहिण्यांत कसलाहि हेतु नसणें, हे जे उत्तम साधनाचे गुण आम्ही मानतों ते तिन्ही या वह्यांत आहेत.

वाचकांस स्थळांची थोडी कल्पना असावी. शिरूर ऊर्फ घोडनदी हें गांव घोड नदीच्या कांठीं व दौंड भीमेच्या कांठीं. घोडेचें पाणी भीमेस मिळून दौंडावरून खालीं जातें. दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ सालीं सुरू झाल्यापासून दौंड हें मोठें जंक्शन आहे, आणि चित्रपटांच्या रिळांच्या पत्र्याच्या पेट्या ब्रेकव्हॅनमधून येतजात त्या काळीं वहीकारांचा या धंद्याशीं संबंध केवळ प्रेक्षकाचा राहिला नव्हता. कोणत्या गांवास कोणती पेटी चालली हें त्यांस आधीं समजे. जत्रेंत तंबू पडे, मालमोटारींतून यंत्र येई, दिवस मावळला कीं कर्ण्यावर गाणीं लागत. मध्यें कापडाची कनात घालून एका अंगास पुरुष व दुसऱ्या अंगास बायका बसत. रीळ बदलतांना दिवा लागे, तेव्हां शेंगदाणेवाला आंत येई. असे तंबू आतां क्वचितच दृष्टीस पडतात.

२

वहीकारांनीं चित्रपटांचे पांच वर्ग केले आहेत: देवाचे, तलवारीचे, तमाशाचे, मारामारीचे व भुताचे. हे वर्ग कोणत्या पुस्तकावरून केले, असें आम्हीं विचारलें तेव्हां ते म्हणाले, “पुस्तक कसलें, मास्तर? माणसें तंबूंत कशीं बसतात त्यावरून केले.” देवाचा चित्रपट असला कीं लोक पायताण बाहेर काढीत. १९७५ सालच्या ‘जय संतोषी माँ’च्या नोंदींत पडद्यावर फुलें व पैसे उधळल्याचें लिहिलें आहे, आणि हा प्रकार देशांत इतर अनेक ठिकाणींहि घडल्याचें प्रसिद्धच आहे. तलवारीचा चित्रपट होऊन गेल्यावर दुसऱ्या दिवशीं गांवच्या कुंपणांच्या काठ्या नाहींशा होत. तमाशाच्या चित्रपटास बायकांची बाजू अर्धी रिकामी असे. ‘पिंजरा’ (१९७२) हा त्यास अपवाद. मारामारीच्या चित्रपटास माणसें उठून उभीं राहत. भुताच्या चित्रपटास एकमेकांस चिकटून बसत, व खेळ सुटल्यावर वस्तीवरचे लोक जथ्यानें घरीं जात.

हें वाचून आम्हांस प्रथम हसूं आलें, मग हसूं ओसरलें. धनंजयानें दशरूपकांत रूपकांचे भेद वस्तु, नेता व रस या तीन गोष्टींवरून होतात असें सांगितलें आहे. वस्तु व नेता हे कोणासहि दिसतात. रस कशावरून ओळखावा, हा खरा प्रश्न. शास्त्रकारांनीं अनुभाव सांगितले ते रंगभूमीवरील पात्राच्या ठिकाणीं. वहीकारांनीं ते प्रेक्षकाच्या अंगावर टिपले. हें टिपण्यास संस्कृत यावें लागत नाहीं. पन्नास-पंचावन्न वर्षें लक्ष देऊन बसावें लागतें.

त्यांच्या मतांचीं दोन उदाहरणें देतों. ‘शोले’ (१९७५) या चित्रपटाविषयीं ते लिहितात, “गब्बर दिसण्याआधीं त्याचें नांव येतें, म्हणून तो मोठा वाटतो.” हीच युक्ति विशाखदत्ताची. मुद्राराक्षसाच्या पहिल्या अंकांत अमात्य राक्षस येत नाहीं. चाणक्याच्या तोंडून त्याची थोरवी मात्र येते, आणि दुसऱ्या अंकांत तो प्रत्यक्ष येतो तोंवर आपण त्यास मानूं लागलेलों असतों. भुताच्या चित्रपटांविषयीं सर्वसाधारण मत असें: “भूत जितकें उशिरा, तितकें मोठें. लवकर दाखविलें कीं रंगविलेला माणूस दिसतो.” भयानक रसाविषयीं याहून थोडक्यांत व खरें लिहिणें कठीण.

परंतु आम्हांस ज्या वाक्यानें थांबविलें तें निराळें आहे. दुसऱ्या वहींत एके ठिकाणीं ते लिहितात: “देवाच्या शिनेमांत कोणी पुरावा मागत नाहीं. भुताच्यांतहि मागत नाहीं. तलवारीच्यांतच मागतात. कारण तलवार आपल्या गांवची असते.” यापुढील विवेचन या एका वाक्याभोंवतीं आहे.

३

तलवारीचा चित्रपट, म्हणजे ज्यास आपण ऐतिहासिक म्हणतों तो, मराठी पडद्यावर आरंभापासून आहे. बाबुराव पेंटर यांनीं १९२३ सालीं कोल्हापुरांत ‘सिंहगड’ काढला. त्यास आधार हरि नारायण आपटे यांच्या कादंबरीचा. त्याच विषयावर प्रभात कंपनीनें १९३३ सालीं बोलपट काढला. मध्यंतरीं १९३० सालीं प्रभातचाच ‘उदयकाल’ आला. त्याचें मूळचें नांव ‘स्वराज्य तोरण’ होतें, परंतु तत्कालीन सरकारच्या नियंत्रकांस तें न मानवल्यामुळें बदलावें लागलें. पुढें भालजी पेंढारकरांनीं ‘थोरातांची कमळा’ (१९४१), ‘छत्रपती शिवाजी’ (१९५२), ‘मराठा तितुका मेळवावा’ (१९६४) असे चित्रपट दिले. अलीकडे ‘फर्जंद’ (२०१८), ‘पावनखिंड’ (२०२२) हे मराठींत, व ‘तान्हाजी’ (२०२०) आणि ‘छावा’ (२०२५) हे हिंदींत आले. शंभर वर्षें हा वर्ग टिकून आहे, एवढ्यावरूनच तो उपेक्षणीय नाहीं हें दिसतें.

आम्हीं मात्र त्याची उपेक्षाच केली. त्याची साक्ष दुसऱ्या वहींत निघाली. आम्ही दौंड तालुक्यांतील एका शाळेंत शिकवीत असतां वहीकारांचा मुलगा आमच्या वर्गांत होता. तानाजीच्या मृत्यूवरून किल्ल्यास सिंहगड हें नांव पडलें, असें त्यानें उत्तरपत्रिकेंत लिहिलें. मुलगा नुकताच जत्रेंत एक जुना चित्रपट पाहून आला होता. आम्हीं गुण कापले व शेरा मारिला. वहीकारांची त्या दिवशींची नोंद अशी: “मास्तरांनीं पोराचा मार्क कापला. कारण विचारलें, तर म्हणाले, शिनेमा खोटा. खरें काय तें सांगितलें नाहीं.”

ही नोंद आम्हीं वाचावी या हेतूनें लिहिलेली नव्हती. म्हणूनच ती आम्हांस लागली. खरें काय तें आम्हांस ठाऊक होतें. तानाजी मालुसरे पडले ते १६७० च्या फेब्रुवारींत. आणि १६६३ सालच्या महाराजांच्या पत्रांत त्या गडाचें नांव सिंहगड असेंच आहे. एवढें एक वाक्य सांगितलें असतें तर त्या मुलास पत्र व पोवाडा यांतला भेद जन्माचा कळला असता. तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यांतील घोरपडहि त्यास मग निराळ्या डोळ्यांनीं, पण आनंदानेंच पाहतां आली असती. आम्हीं खोटें हिरावून घेतलें व त्या जागीं कांहीं ठेविलें नाहीं. तीस वर्षें आम्हीं वर्गांत हेंच केलें असावें, अशी आतां भीति वाटते.

४

आतां कवीस अथवा चित्रपटकारास इतिवृत्त बदलण्याचा अधिकार आहे कीं नाहीं, हा प्रश्न. याचें उत्तर आमच्या शास्त्रांत हजार वर्षांपूर्वीं देऊन ठेविलें आहे. आनंदवर्धनानें ध्वन्यालोकाच्या तिसऱ्या उद्द्योतांत स्पष्ट म्हटलें आहे कीं, इतिवृत्तांत रसास प्रतिकूल असें कांहीं आढळल्यास कवीनें तें टाकावें व रसास अनुकूल अशी दुसरी कथा कल्पावी; कारण घडलेलें जसेंच्या तसें सांगणें हें कवीचें प्रयोजन नव्हे, तें इतिहासानेंच सिद्ध होतें. महाभारतांतील शकुंतलेच्या आख्यानांत दुर्वासाचा शाप नाहीं व अंगठीहि नाहीं. कालिदासानें दोन्ही आणिलीं व दुष्यंतास वांचविलें. रामायणांतील सीता धरणींत जाते. भवभूतीनें उत्तररामचरिताच्या शेवटीं तिला रामास परत दिली. या दोघांस कोणी लबाड म्हटलें नाहीं.

परंतु तोच आनंदवर्धन लगेच मर्यादाहि घालून देतो. रामायणासारख्या ज्या कथांचा रस लोकांच्या मनांत सिद्ध झालेला आहे, त्यांस रसविरोधी अशी स्वतःची लहर जोडूं नये. आणि रसभंगाचें कारण एकच, अनौचित्य. म्हणजे प्रश्न ‘बदल केला काय?’ हा नव्हे, तर ‘बदलानें काय साधलें?’ हा आहे. शिरूर तालुक्यांत ज्यांची अखेर घडली अशीं दोन चरित्रें अलीकडे पडद्यावर आलीं. त्यांवर ही कसोटी लावून पाहूं.

५

पहिलें मस्तानीचें. पाबळ हें गांव शिरूर तालुक्यांत आहे. पाबळ, केंदूर व लोणी हीं गांवें थोरल्या बाजीरावांनीं तिला दिल्याचें सांगतात, व तिची कबर पाबळास आहे. ‘बाजीराव मस्तानी’ हा हिंदी चित्रपट डिसेंबर २०१५ मध्यें निघाला. त्याचा आधार ना. सं. इनामदार यांची ‘राऊ’ ही कादंबरी. त्यांतील ‘पिंगा’ या नृत्यांत काशीबाई व मस्तानी एकत्र नाचतात. त्यावर पेशव्यांच्या वंशजांनीं आक्षेप घेतला होता.

वहीकारांचें मत असें: “वाडा खोटा, रडूं खरें.” या नोंदीखालीं निराळ्या अक्षरांत एक ओळ आहे. ती त्यांच्या पत्नीची. त्यांचें माहेर केंदूरचें. “काशीबाईंचा पाय अधू होता म्हणतात. मग त्या नाचल्या कशा? आणि सवतीबरोबर?” तीन वह्यांत त्या बाईंच्या हातची ही एकच ओळ आहे, आणि आमच्या मतें या चित्रपटावरची ती सर्वोत्तम टीका आहे. पायाची गोष्ट राहूं द्या. त्या दोघी कधीं एकत्र नाचल्या नसतील म्हणून तें नृत्य सदोष, असें आम्ही म्हणत नाहीं. सदोष अशासाठीं कीं, या कथेचा करुण ज्या अंतरावर उभा आहे तें अंतरच तें नृत्य पुसून टाकतें. एका पुरुषाच्या आयुष्यांतल्या दोन स्त्रिया, ज्यांस एकमेकींच्या अंगणांत पाय ठेवतां येत नाहीं, हाच त्या कथेचा प्राण. हें अनौचित्य होय.

उलट शेवट पाहा. बाजीरावांचें देहावसान २८ एप्रिल १७४० रोजीं नर्मदाकांठीं रावेरखेडी येथें झालें. त्यापूर्वीं मस्तानीस पुण्यास कैदेंत ठेविलें होतें, हें खरें. बाजीरावांमागें ती थोडक्याच दिवसांत वारली, हेंहि खरें. चित्रपटांत ती साखळदंडांत आहे व दोघांचा प्राण एकाच क्षणीं जातो. हें कल्पित आहे. पण तें मूळच्या करुणाच्या ओघांतलें आहे, विरुद्ध नाहीं. भवभूतीस जी सवलत दिली ती येथें नाकारण्याचें कारण दिसत नाहीं. एकाच चित्रपटांतील दोन कल्पना एकाच कसोटीस लावल्या असतां एक उतरते व दुसरी उतरत नाहीं. सरसकट ‘खोटा’ म्हणून निकाल देणाऱ्यास हा विवेक करतां येत नाहीं.

तथापि चित्रपटानंतर आम्ही पाबळास गेलों असतां तेथें आलेलीं कांहीं तरुण मुलें साखळदंड कोठें ठेविले आहेत असें विचारीत होतीं. त्यांस उत्तर देण्यास तेथें कोणी नव्हतें.

६

दुसरें चरित्र छत्रपति संभाजी महाराजांचें. फेब्रुवारी १६८९ मध्यें संगमेश्वरीं पकडले गेल्यावर महाराजांस भीमाकांठीं पेडगांवच्या बहादुरगडास आणिलें. हें ठिकाण आज अहिल्यानगर जिल्ह्यांत श्रीगोंदे तालुक्यांत येतें. नदीच्या अलीकडे दौंड तालुका. तेथून तुळापूर-वढूच्या परिसरांत नेऊन फाल्गुन वद्य अमावास्या शके १६१०, म्हणजे ११ मार्च १६८९ रोजीं त्यांचा वध झाला. वढू बुद्रुक येथें समाधि आहे, आणि तें गांव शिरूर तालुक्यांतलें. म्हणजे त्या भीषण प्रवासाचा अखेरचा टप्पा याच भीमेच्या कांठानें झाला. ‘तलवार आपल्या गांवची असते’ हें वहीकारांचें वाक्य येथें अक्षरशः खरें आहे.

‘छावा’ हा चित्रपट १४ फेब्रुवारी २०२५ रोजीं निघाला. वहीकारांनीं तो आगगाडीनें पुण्यास जाऊन पाहिला. त्यांच्या नोंदींत चित्रपटगृहांत कोणी उठेना, कोणी बोलेना असें लिहून पुढें म्हटलें आहे: “शेवटचे हाल फार वेळ. तंबू असता तर रीळ बदलायला दिवा लागला असता, माणसानें श्वास घेतला असता.” आमच्या नाट्यशास्त्रानें वध रंगभूमीवर प्रत्यक्ष दाखवूं नये, विष्कंभकादिकांच्या द्वारें सुचवावा, असा नियम घातला तो भित्रेपणानें नव्हे. भासानें ऊरुभंगांत दुर्योधनाचा अंत रंगभूमीवर दाखविला आहे. पण तेथें आपलें लक्ष जखमेवर नसून मरणाऱ्याच्या मनावर असतें. ‘छावा’मध्यें साखळदंडांत जखडलेले शंभुराजे व कवि कलश एकमेकांस काव्यानें उत्तर देतात, तेवढा भाग खऱ्या वीररसाचा आहे, यातनांचें जें लांबलचक दर्शन आहे त्यांत बीभत्स वीरास झांकून टाकतो. आणि ज्या राजानें संस्कृतांत ‘बुधभूषण’ रचिलें, जो ग्रंथ भांडारकर संस्थेनें १९२६ सालीं प्रसिद्ध केला, त्या ग्रंथकर्त्या राजास तलवारीच्या मानानें फारच थोडी जागा मिळाली, याचा आम्हांस विशेष खेद वाटतो.

आणखी एक दोष अधिक गंभीर आहे. चित्रपटांत फितुरीचा ठपका शिर्के बंधूंवर ठेविला आहे. त्यावर शिर्के घराण्याच्या वंशजांनीं आक्षेप घेतला व दिग्दर्शकांनीं दिलगिरी व्यक्त केली. नायकाच्या पराक्रमांत भर घालणें ही एक गोष्ट, आणि ज्याचें कुळ आज नांदतें आहे अशा पुरुषास निर्णायक पुराव्यावांचून फितूर ठरविणें ही दुसरी. पहिलीस काव्याची सवलत आहे, दुसरीस नाहीं.

परंतु या चित्रपटाविषयींचें आमचें मुख्य म्हणणें दोषांचें नाहीं. पहिल्या वहींत १९६८ सालची एक नोंद आहे. जत्रेंतल्या तंबूंत ‘थोरातांची कमळा’ या जुन्या चित्रपटाची झिजलेली प्रत आली होती. पंधरा वर्षांचा मुलगा लिहितो: “संभाजी देखणा. पण बाईपायीं राज्य विसरला.” आणि तिसऱ्या वहींत तोच मनुष्य ‘छावा’ पाहून आल्यावर लिहितो: “घरीं जायच्या आधीं वढूस जाऊन आलों. पायताण वेशीवरच काढलें.” एका मनुष्याच्या मनांतला हा पालट कशानें झाला? त्यानें संशोधनाचा एकहि ग्रंथ वाचलेला नाहीं, असें तो स्वतः सांगतो.

हा मार्ग आम्हीं शोधून पाहिला. शंभुराजांचें विलासी चित्र बखरींचें, विशेषतः मल्हार रामराव चिटणिसाच्या बखरीचें. ती बखर १८११ च्या सुमाराची, म्हणजे महाराजांच्या मृत्यूनंतर सव्वाशे वर्षांची. आणि ज्या बाळाजी आवजींस महाराजांनीं देहांत शासन दिलें त्यांच्या वंशांतला तिचा कर्ता. तें चित्र बखरींतून नाटकांत गेलें व नाटकांतून १९४१ सालीं पडद्यावर आलें. दुसऱ्या बाजूस वा. सी. बेंद्रे यांनीं अनेक वर्षें देशोदेशींचीं दप्तरें धुंडाळून १९६० सालीं महाराजांचें साधार चरित्र प्रसिद्ध केलें, कमळेची कथा निराधार ठरली, पुढें डॉ. कमल गोखले यांनीं तेंच काम चालविलें. हें सर्व झाल्यावर १९७९ सालीं शिवाजी सावंत यांची ‘छावा’ कादंबरी आली. वहीकारांनीं ती रेल्वेच्या वाचनालयांतून घेऊन वाचिली, आणि २०२५ सालीं तीच पडद्यावर आली. बखरीस पडद्यापर्यंत यावयास एकशेतीस वर्षें लागलीं, संशोधनास पासष्ट.

तात्पर्य, चित्रपट हा इतिहासाचा शत्रु नव्हे. तो इतिहासाचा फार उशिरा येणारा वाचक आहे. आपण आज जें दप्तरांत निश्चित करूं तें आपल्या नातवंडांच्या काळीं जत्रेंतला मनुष्य पडद्यावर पाहील. आणि आपण जें संदिग्ध ठेवूं तेंहि पाहील. पडद्यावरील खोट्याचा निम्मा दोष मागल्या पिढीच्या अभ्यासकांचा असतो.

७

वहीकारांच्या मतांतील दोषहि सांगितले पाहिजेत. गर्दी हें ते गुणाचें माप मानतात. गर्दी रसाची खूण असेल, सत्याची नव्हे. दुसरें, त्यांच्या वह्यांत कनातीच्या पलीकडची बाजू नाहीं. बायका कोठें रडल्या, कोठें हंसल्या, हें पन्नास वर्षांत पत्नीच्या त्या एका ओळीखेरीज कोठेंहि नाहीं. आणि ती एक ओळ पाहतां केवढें साधन बुडालें याची कल्पना येते. तिसरें, ते म्हणतात, “शिनेमा तो शिनेमा, ज्याला खरें पाहिजे त्यानें मास्तरांकडे जावें.” हें म्हणणें वरवर योग्य आहे. पण मास्तरांकडे गेल्यावर काय मिळालें, तें त्यांनींच दुसऱ्या वहींत लिहून ठेविलें आहे.

आणि खरें न मिळाल्याचा परिणाम केवळ गुणपत्रिकेपुरता नसतो. ‘छावा’च्या आरंभीं बऱ्हाणपुरावरील स्वारी आहे; ती स्वारी जानेवारी १६८१ मध्यें झाली हें खरें. पण चित्रपट निघाल्यावर मार्च २०२५ मध्यें बऱ्हाणपुराजवळ असीरगडच्या परिसरांत लोक रात्रीं दिवे घेऊन मोगलांच्या सोन्यासाठीं शेतें खणूं लागले. पाबळास साखळदंड शोधणारीं मुलें व असीरगडास मोहरा शोधणारे लोक, यांस आम्ही मूर्ख म्हणत नाहीं. तेहि पुरावाच शोधीत होते. तो कोठें असतो, हें त्यांस कोणी सांगितलें नव्हतें.

म्हणून आमची एक साधी सूचना आहे. धनंजयानें वस्तूचे तीन प्रकार सांगितले आहेत: प्रख्यात, उत्पाद्य व मिश्र, म्हणजे परंपरेनें आलेलें, कवीनें कल्पिलेलें, व दोहोंचें मिश्रण. ऐतिहासिक चित्रपट निघाला कीं त्या त्या जिल्ह्याच्या संशोधकांनीं त्यावर एकपानी तक्ता काढावा व त्यांत तीन रकाने करावे: कागदांत काय आहे, पोवाड्यांत व बखरींत काय आहे, आणि चित्रपटकारानें नवें काय घातलें. निषेध नको, शिफारसहि नको. पाबळ, वढू, पेडगांव अशा ठिकाणीं तो लावावा व शाळांस द्यावा. ज्यास चित्रपट आवडला त्याचा आनंद यानें कमी होणार नाहीं. शाकुंतलांतली अंगठी महाभारतांत नाहीं हें कळल्यानें कोणाचा शाकुंतलावरचा जीव कमी झाल्याचें आम्हीं पाहिलें नाहीं.

‘बाजीराव मस्तानी’ व ‘छावा’ यांवर असे दोन तक्ते आम्हीं केले व प्रथम दौंडास नेऊन वहीकारांस वाचून दाखविले. त्यांनीं पुष्कळ शंका काढल्या. दोन ठिकाणीं आम्हांस दुरुस्ती करावी लागली. पुढें तिसरी वही आमच्या हातीं आली तेव्हां त्या दिवशींची नोंद दिसली: “मास्तरांनीं खरें काय तें सांगितलें. तिकीट नाहीं.”

मूळ वह्या वहीकारांजवळच आहेत. त्यांची बिनचूक नक्कल करून घेण्याचें काम आम्हीं आरंभिलें असून ती पुरी होतांच मंडळाच्या दप्तरांत दाखल करूं. अशा वह्या अन्यत्रहि असतील. विशेषतः कनातीपलीकडे बसलेल्यांच्या कोणाजवळ असतील तर त्या रद्दींत जाण्यापूर्वीं मिळवाव्या, अशी वाचकांस विनंती आहे.